नाव राखण्याची किंमत

मालाचे नाव मोठे झाले की त्या नावावर जगू पाहणारेही वाढतात, हा व्यापारातला जुना अनुभव आहे. त्यावर कायद्याचा इलाज आपणही केला. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला, २००३ पासून अमलात आला आणि २०१८ साली कोकणच्या हापूसला त्याचे संरक्षण लाभले. परंतु नाव परक्या तोतयापासून वाचविणे वेगळे आणि ते स्वतःच्याच मोहापासून वाचविणे वेगळे. हे दुसरे काम कितीतरी अवघड. ते कसे केले जाते हे पाहायचे, तर फ्रान्समधील शातो-शालों या गावाकडे वळावे लागेल.

स्वित्झर्लंडच्या सीमेजवळील ज्युरा प्रदेशात, डोंगरकड्यावर वसलेले हे लहानसे गाव. त्याच्या नावाला पात्र असलेले द्राक्षमळे सारे मिळून जेमतेम पन्नास-साठ हेक्टर. सावान्यँ जातीच्या पांढऱ्या द्राक्षापासून होणारे, गोडवा मुळीच न उरलेले ‘पिवळे मद्य’ एवढेच येथे गावाच्या नावाने विकले जाते. त्याची कृती इतर मद्यांच्या नेमकी उलट आहे. एरवी पिंपातले मद्य आटले की वरून भर घालतात, कारण हवेचा स्पर्श म्हणजे नासाडी. येथे ती भर घालायची नाही, हाच नियम. रिकाम्या होत जाणाऱ्या जागेत मद्याच्या पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते आणि तीच त्याला आंबट शिरका होण्यापासून वाचविते. सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाचा १५ डिसेंबर उजाडल्याशिवाय हे मद्य बाटलीत भरता येत नाही. एका लिटरामागे अखेर ६२० मिलिलिटरच उरते, असा परंपरेचा हिशोब आहे. म्हणून त्याची बाटलीही तेवढ्याच मापाची. या मुरण्यातून जो गंध येतो, त्यामागचे सोटोलॉन हे द्रव्य आपल्या मेथीदाण्यांतही असते. असे मद्य टिकते तरी किती? १७७४ सालच्या ज्युरातील पिवळ्या मद्याची एक बाटली २०१८ च्या लिलावात १,०३,७०० युरोंना गेली.

तथापि या गावाचे खरे मोठेपण त्या बाटलीत नाही. १९३६ साली शातो-शालोंच्या नावाला फ्रेंच कायद्याचे संरक्षण मिळाले. सुगीपूर्वी मळ्यांची पाहणी करून द्राक्ष नावाला साजेसे आहे की नाही हे ठरविण्याची शिस्त तेथे आहे. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या चार वर्षी पीक त्या कसाला उतरले नाही. तेव्हा त्या वर्षांचे मद्य गावाच्या नावाने निघालेच नाही. हे नाव कोणी हिरावून घेतले नव्हते. ज्यांचे ते होते त्यांनीच ते बाजूला ठेवले. २००१ च्या नकाराचा पुरता फटका बसायचा तो सहा-सात वर्षांनी, माल बाजारात येण्याच्या वेळी. एवढ्या दूरचे नुकसान आज पत्करणे ही लहान बागायतदाराला सोपी गोष्ट नव्हे.

मद्याचे उदाहरण येथे कशाला, असा आक्षेप काही वाचक घेतील. मद्यपानाची भलावण करणे हा या लेखाचा हेतू नाही. घेण्याजोगा आहे तो त्यामागचा संयम. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पोटाला चिमटा घेऊन सचोटी पाळा, असे शेतकऱ्याला सांगणे सोपे. एक हंगाम बुडाला तर त्याने खावे काय? शातो-शालोंची व्यवस्था या प्रश्नाचेही उत्तर देते. गावाचे नाव नाकारलेला माल तेथे ओतून देत नाहीत. ‘कोत द्यु ज्युरा’ या व्यापक प्रादेशिक नावाखाली तो विकता येतो. भाव कमी मिळतो, पण हात अगदीच रिकामे राहत नाहीत. प्रामाणिकपणाला एक खालची पायरी ठेवली, तरच तो व्यवहारात टिकतो.

आपल्या हापूसचे काय? परप्रांतीचा आंबा देवगडच्या पेटीत भरला जातो म्हणून आपण रास्त ओरड करतो. पण हंगामाच्या आरंभीचा चढा भाव गाठण्यासाठी कोवळे फळ उतरविणे आणि बंदी असलेल्या कार्बाइडने ते पिकविणे, यांस कोणता परका जबाबदार? अवकाळी पावसाने फळाचा कस गेला, तरी पेटीवरचे नाव तेच राहते. दर्जा न साधलेल्या फळासाठी दुसरे, प्रतिष्ठेचे पण साधे नाव आणि नाव देण्यापूर्वी बागेतच होणारी तपासणी, या दोन गोष्टी बागायतदारांच्या संस्थांनी मनावर घेतल्या तर अशक्य नाहीत.

नोंदणीचे प्रमाणपत्र सरकार देऊ शकते. पत मात्र ज्याची त्यानेच राखावी लागते. ‘यंदा आमचे नाव नाही’ असे चार वेळा सांगणाऱ्या गावाच्या नावावर उरलेल्या वर्षी लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.