काचपेटीतली हिरवळ

जायकवाडीचे पाणी आपल्या नळाला वर्षानुवर्षे काही दिवसांआड येत आले. मग मासे पाळावेत कसे, असे भगिनी विचारतात. आम्ही सांगतो, प्लास्टिकची नव्हे, जिवंत पाणवनस्पती लावा. माशांच्या विष्ठेतला अमोनिया त्या शोषतात. मासे थोडे असल्यास पंधरवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे पुरते. उंच व्हॅलिस्नेरिया मागे, बुटक्या वनस्पती पुढे लावाव्यात. मुळे वाळूत, कोंब वर. दिवा रोज ८ तास ठेवावा. थेट उन्हाने शेवाळ माजते. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत ठेवावे, क्लोरीन उडतो. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. छाटलेल्या वनस्पती मात्र खाम नदीत वा सलीम अली सरोवरात टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णीही शोभेसाठीच आली होती!