जीपगाडीचें अंतरंग : शोभा कीं सोय?

दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं घडलेली जीपगाडी आज आपल्या बांधावर उभी आहे; सन २०१० मध्यें आलेली ‘थार’ तिच्याच वंशांतली. अशी गाडी दारीं आली, कीं ती आंतून नटविण्याचा मोह पुष्कळांस होतो. रंगीत दिवे, मोठे कर्णे, मऊ गालिचे यांवर पैसा जातो. पण चिखलानें भरलेल्या पायांस गालिचा काय कामाचा?

आमच्या मतें पहिला खर्च उंच कडांच्या रबरी चटईवर करावा. ती जागीं पक्की अडकविलेली असावी. सरकून पेडलखालीं गेल्यास प्राणावर बेतेल. दुसरा खर्च मागील भागांतील कड्या, पट्टे व जाळी यांवर. गाडी एकाएकीं थांबली तरी न बांधलेली पहार थांबत नाहीं. ती पुढें बसलेल्यांच्या पाठींत येते. कीटकनाशकें तर माणसांबरोबर बंद गाडींत कधींहि नेऊं नयेत.

विजेच्या जोडणींत काटकसर नको. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२० वॅटचा हवेचा पंप १० अँपिअर प्रवाह ओढतो. त्यास पुरेशी जाड तार व बॅटरीजवळच फ्यूज हवा. आसनें वाढविण्यापूर्वीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ पाहावें.

शेणखत वाहतांना बैलगाडीस तट्ट्या बांधावा, कडबा वाहतांना काढावा, हें आपणांस कोणीं शिकविलें नाहीं. तोच विवेक येथेंहि चालवावा, एवढेंच आमचें सांगणें.