ग्लो हवाय? आधी डबा उघडा!

सोमवारी रिव्ह्यू, बुधवारी डेडलाइन आणि शनिवारी मैत्रिणीच्या लग्नाचं रिसेप्शन. एवढ्या धावपळीत चेहराही चमकला पाहिजे! मग मागवा ऑनलाइन 'स्किन व्हिटॅमिन'च्या गमीज. आमच्या ऑफिसात वेळेला स्टेपलर सापडत नाही, पण या गमीजची बाटली दर दुसऱ्या ड्रॉवरमध्ये सापडते. परवा कॅन्टीनमध्ये एकीने विचारलंच, "अगं, याने खरंच फरक पडतो का?" मी म्हटलं, "शरीरात कमी असेल तर पडतो. नसेल तर फक्त बाटली रिकामी होते!"

सी फॉर चमक

त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन म्हणजे कोलॅजेन. ते नीट तयार व्हायला व्हिटॅमिन सी लागतंच. पूर्वी महिनोन् महिने ताजी फळं न मिळालेल्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळट डाग, भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या ब्रिटिश डॉक्टरने बारा आजारी खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबू मिळालेले दोघे सगळ्यांत आधी सुधारले.

आपल्याला रोज लागतं किती? आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार पुरुषांना ८० मिलिग्रॅम, स्त्रियांना ६५. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या आसपास असतं. म्हणजे स्टेशनबाहेरचा तिखट-मीठ लावलेला एक पेरू खाल्लात की कोटा फुल्ल! जास्तीचं सी शरीर लघवीवाटे बाहेर टाकतं. महागड्या गोळीचा प्रवासही तिथेच संपतो.

बी गँग

सीरमच्या बाटलीवर झळकणारं नायसिनामाइड हे बी३चंच एक रूप. हे बी३ आहारात फारच कमी पडलं तर पेलाग्रा होतो. गळा, हात अशी उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडते, खरखरीत होते. दख्खनमध्ये जवळजवळ नुसत्या ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांमध्ये हा आजार दिसायचा. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला. पण भाकरीला व्हिलन ठरवू नका हं! जोडीला डाळ आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर भाकरी बिनधास्त खा.

शाकाहारी मंडळींनी बी१२कडे लक्ष द्यावं. बोटांच्या सांध्यांवरची त्वचा काळी पडू लागली, सोबत थकवा आणि हातापायांना मुंग्या असतील, तर स्क्रबने घासत बसू नका, रक्त तपासा. मी स्वतः शाकाहारी आहे, त्यामुळे बी१२ची टेस्ट दरवर्षी करून घेते.

जरा जपून!

व्हिटॅमिन ए त्वचेसाठी चांगलं, पण जास्तीचं ए बाहेर न पडता लिव्हरमध्ये साठतं. गरोदरपणात त्याच्या मोठ्या डोसने बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणून बाळाचा विचार चालू असेल तर एच्या गोळ्याच काय, रेटिनॉलची क्रीमसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि बायोटिन? त्याची रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम. केस-त्वचेच्या कित्येक गोळ्यांत असतं पाच हजार, दहा हजार! एवढ्या बायोटिनमुळे काही रक्ततपासण्यांचे आकडेच चुकतात. थायरॉइडचे रिपोर्ट गोंधळ घालतात. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिन टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते. २०१७मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात एका मृत्यूचीही नोंद होती. म्हणून रक्त द्यायच्या आधी लॅबला आणि डॉक्टरांना 'मी गमीज खातेय' किंवा 'खातोय' हे सांगाच. यात लाजण्यासारखं काही नाही.

मग करायचं काय?

सोप्पं आहे. डब्यात गाजराची कोशिंबीर, वर तेलाची फोडणी, कारण ए शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो. पालेभाजी, डाळ, वाटीभर दही. चार वाजता वेफर्सऐवजी मूठभर शेंगदाणे, नाहीतर एखादा पेरू. बाहेर पडताना सनस्क्रीन. एवढं दोन-तीन महिने करूनही त्वचा कुरकुरत असेल तर गाठा स्किन स्पेशालिस्टला. कसली कमतरता आहे हे रक्त सांगेल, गोळी कुठली घ्यायची हे डॉक्टर सांगतील. बाटलीवरच्या हिरॉइनला यातलं काहीच माहीत नसतं!