स्वस्त घड्याळाचे मोल

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पितळेचे भांडे घेणारे जाणते गिऱ्हाईक चकाकीला भुलत नाही. ते भांडे हातात तोलून पाहते, बोटाने वाजवून पाहते आणि मगच त्याचे मोल ठरविते. स्वस्त डिजिटल घड्याळ घेतानाही हीच दृष्टी हवी.

जे स्वस्त ते कमअस्सल, असा पुष्कळांचा समज असतो. घड्याळाच्या बाबतीत तो खरा नाही. चावीच्या घड्याळाची चाल थंडी-उष्णतेने व हाताच्या हालचालीने बदलते. त्यामुळे ते दिवसाला काही सेकंद मागेपुढे होते. डिजिटल घड्याळात क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक असतो. सेलमधील वीज मिळताच तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ती कंपने मोजून घड्याळ वेळ दाखविते. म्हणूनच चांगल्या बनावटीच्या स्वस्त घड्याळाची चूकही महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या आतच राहते.

१९७२ साली अमेरिकेत पल्सर हे पहिले डिजिटल मनगटी घड्याळ विक्रीस आले. ते सोन्याचे होते व त्याची किंमत २,१०० डॉलर होती. तरीही वेळ पाहण्यासाठी कळ दाबावी लागे! १९८९ साली निघालेले कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ साध्या प्लॅस्टिकचे. पण ते वेळ सदैव दाखविते, गजरही वाजविते.

तथापि एक उणीव मान्य केली पाहिजे. पितळेचे भांडे फुटले तरी त्याची मोड विकून काही पैसे हाती येतात. प्लॅस्टिकचे घड्याळ बिघडले की त्याचे काहीच येत नाही. ज्याचा सेल बदलता येत नाही, ज्याचा पट्टा महिन्याभरात तुटतो, असे घड्याळ कितीही अल्प किमतीचे असले तरी महागच पडते. आईवडिलांनी कष्टाने मिळविलेला पैसा त्यात व्यर्थ जातो. उलट, जे वर्षानुवर्षे चालते आणि ज्याचा सेल गावातला घड्याळजी बदलून देऊ शकतो, ते दिलेल्या पैशाचे चीज करते.

पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडीत. त्याच्या तळाला बारीक छिद्र असे आणि ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे समजत. ते पात्र किती लखलखते, हे कोणी पाहत नसे. छिद्र अचूक आहे ना, एवढेच पाहत. घड्याळाचे मोलही असेच ठरवावे.