उताऱ्याचा दोष कोणाच्या माथी?

सोयाबीनचा उतारा घटला की आरोपी दोनच ठरलेले असतात : घरचे बियाणे आणि अडाणी शेतकरी. पैदासशास्त्र काही वेगळेच सांगते आणि ते आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

पैदासकार अनेक वाण शेजारी-शेजारी पेरतो व त्यांच्यातील फरक मोजतो. एकूण फरकापैकी जेवढा हिस्सा बीजातील भेदामुळे पडतो, ते आनुवंशिकतेचे प्रमाण. फुलोऱ्याला लागणारे दिवस, शंभर दाण्यांचे वजन यांत ते बहुधा जास्त भरते. उत्पन्नात सहसा कमी. कारण उत्पन्नात जमीन आहे, पाऊस आहे, वेळेवर मिळालेले वा न मिळालेले कर्जही आहे. शिवाय हे प्रमाण दाण्याच्या पोटात कोरलेले नसते. प्रयोगक्षेत्रावर पाणी-खत सर्वांना सारखे, म्हणून तेथे बीजाचा वाटा मोठा दिसतो. शिरोळची काळी जमीन आणि भुदरगडचा माळ एकाच मोजणीत धरा, तो वाटा लगेच आक्रसतो. संधी समान नसताना जन्मजात गुणांच्या गप्पा मारण्यात अर्थ नसतो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्या करवीरनगरीला हे नव्याने सांगायला नको!

म्हणून बियाणे गौण, असे मात्र नव्हे. निवडीला मुळात विविधता लागते; सगळ्या शिवारात एकच वाण असला तर तांबेऱ्याला रान मोकळे मिळते. या रोगापुढे बऱ्यापैकी टिकणारे फुले संगम व फुले किमया हे वाण राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राने, म्हणजे जनतेच्या पैशातून, दिले. सोयाबीन स्वपरागित असल्याने घरचा दाणा पुढल्या हंगामात बियाणे म्हणून चालतो. तो राखण्याचा, वाटण्याचा, छापाचे नाव न लावता विकण्याचाही हक्क २००१ च्या कायद्याने दिला आहे. तरीही दरवर्षी नवी पिशवी घेण्याचा धाक घातला जातो, तोही कोणाला? २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना त्याहून कमी दराने माल विकावा लागलेल्याला.

संशोधन केंद्रांचा निधी व रिक्त पदे हा मागणीपत्रकातला विषय झाला पाहिजे. तोवर गावोगावच्या शाखांनी एवढे करावे : मृगापूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवावेत आणि सत्तर तरी उगवले, तर घरचे बियाणे बेधडक पेरायला सांगावे.