‘प्रायोजित’ वैमानिक प्रशिक्षण : नाव कंपनीचे, जोखीम कुटुंबाची

गेल्या पावसाळ्यात हिंगणघाट तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय घेऊन उत्तीर्ण झालेला. त्याच्या हातात उड्डाणाच्या नोंदींची वही होती आणि त्या वहीत ११ तासांची नोंद. एका फ्लाइंग क्लबमध्ये प्रवेश घेतला, पहिला हप्ता भरला, दुसऱ्या हप्त्याला पैसे संपले आणि प्रशिक्षण थांबले. आता त्याने एका विमान कंपनीच्या कॅडेट पायलट योजनेची जाहिरात पाहिली होती. त्याचा प्रश्न होता, “ताई, ११ तासांवर मला घेतील का?” वडिलांचा प्रश्न वेगळा होता. “कंपनी शिकवणार म्हणते, तर मग हे एवढे पैसे कशाचे?”

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खरा प्रश्न वडिलांनी विचारला होता. वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यातील अनेक घरांत आज हीच चर्चा सुरू आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते.

स्वप्न दारापर्यंत आले आहे

वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, पण आजूबाजूला पाहा. नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ वर्ध्याहून पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे. नागपूर फ्लाइंग क्लब तिथलाच. गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे आणि इंडिगोच्या कॅडेट योजनेतील विद्यार्थी तिथे शिकत आले आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्यात एअर इंडियाने स्वतःची प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. २०० कोटींहून अधिक गुंतवणूक, ३४ प्रशिक्षण विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक, असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले.

मागणीही खोटी नाही. भारतीय कंपन्यांनी मागवलेल्या विमानांची संख्या १,७०० च्या आसपास आहे आणि येत्या १५ ते २० वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील, असे नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले. त्यामुळे आपल्या मुला-मुलींनी हे स्वप्न पाहू नये, असे मी अजिबात म्हणणार नाही. प्रश्न इतकाच की या स्वप्नाची किंमत कोण मोजतो आणि ते मोडले तर भुर्दंड कोणाला बसतो.

‘प्रायोजित’ या शब्दाचा अर्थ

आपल्याकडे प्रायोजित म्हटले की समोरच्याने खर्च उचलला, असाच अर्थ घेतला जातो. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये जाहीर केलेली योजना खरोखर तशी आहे. निवडलेल्या उमेदवाराचा सुमारे एक लाख पौंडांचा प्रशिक्षण खर्च कंपनीच भरते. मात्र ब्रिटनमध्ये काम करण्याचा कायदेशीर हक्क असल्याशिवाय तिथे अर्ज करता येत नाही. मोबाइलवर अशा योजनांचे व्हिडिओ पाहून आपली मुले भारतातल्या योजनाही तशाच असतील असे समजतात.

भारतातील बहुतेक कॅडेट योजनांत कंपनी उमेदवार निवडते, प्रशिक्षण संस्था ठरवून देते आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्यास नोकरी देण्याचे सशर्त पत्र देते. खर्च विद्यार्थ्याचा. विमानाच्या विशिष्ट प्रकाराचे प्रशिक्षण धरून हा आकडा एक कोटीच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो. कंपनीशी न जोडलेल्या संस्थेतून नुसता व्यावसायिक वैमानिक परवाना घ्यायचा तरी ४५ ते ६० लाख रुपये लागतात आणि नोकरीची खात्री नसते.

म्हणजे कंपनी आपले नाव देते, रांगेत जागा देते. ही जागा मोलाची आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ते पत्र कंपनीच्या प्रकृतीइतकेच टिकाऊ असते. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. गो फर्स्टची उड्डाणे मे २०२३ मध्ये थांबली. २०२० च्या टाळेबंदीत तर सगळ्याच कंपन्यांची भरती गोठली. कंपनी बंद पडली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

तास कमी असणे हा अडसर नाही

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. कॅडेट योजना मुळात शून्यापासून शिकणाऱ्यांसाठीच असतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, कंपनीने ठरवलेली किमान टक्केवारी आणि वयाची अट, वैद्यकीय पात्रता आणि इंग्रजी एवढ्यावर अर्ज करता येतो. निवड होते ती लेखी व संगणकीय चाचणी, गटचर्चा आणि मुलाखतीतून. एकाच वेळी दोन-तीन कामे सांभाळता येतात का, दिशेचे भान कसे आहे, हात आणि डोळ्यांचा मेळ कसा आहे, हे तिथे तपासतात. १० किंवा २० तास उडवले म्हणून गुण वाढतीलच असे नाही. अर्ज भक्कम करण्यासाठी आधी तास विकत घ्या, असा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नका.

पण ज्यांचे काही तास झाले आहेत त्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची मुख्य जबाबदारी स्वतः सांभाळून केलेले हवेत. आणि हे २०० तास परवान्याच्या अर्जाआधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. म्हणजे पैशाअभावी प्रशिक्षण रखडले की जुने तास हळूहळू बाद होत जातात. श्रीमंत घरातील मुलगा दीड-दोन वर्षांत परवाना घेऊन मोकळा होतो. हप्त्या-हप्त्याने पैसे जमवणाऱ्याने काल भरलेले पैसेही वाया जाऊ शकतात. नियम सर्वांना सारखाच आहे, पण त्याचा फटका सारखा नाही.

तारण कुठून आणायचे?

एक कोटीचे कर्ज ११ टक्के व्याजाने, १० वर्षांच्या मुदतीने घेतले असे धरू. महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ३८ हजार रुपये होतो. तो नोकरी लागल्यावर भरता येईल, असे सांगितले जाते. पण आधी कर्ज मिळाले तर पाहिजे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. अनेक बँका शेतजमीन तारण म्हणून स्वीकारत नाहीत. गावठाणातल्या घराचे कागद धड नसतात. कित्येक घरे अतिक्रमणाच्या नोंदीवर उभी आहेत. शहरात आजोबांनी घेतलेला फ्लॅट किंवा प्लॉट ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठीच ही कर्जव्यवस्था बनली आहे. समाजशास्त्रात ज्याला पिढीजात भांडवल म्हणतात ते हेच.

मग शेतकरी विचारतो, “वावर विकलं तर?” तीन-चार एकर कोरडवाहू विकून कोटभर रुपये उभे राहत नाहीत. आणि राहिले तरी, मुलगा वैद्यकीय चाचणीत किंवा मधल्या एखाद्या परीक्षेत अडकला तर घराकडे ना शेत उरते, ना परवाना.

शिष्यवृत्ती आहे, पण किती?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम आहे, पण उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या ‘टॉप क्लास’ शिक्षण योजनेतही हे प्रशिक्षण धरले होते. मात्र तिच्या नियमावलीत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजार रुपयांची मर्यादा होती. दोन वर्षांचे ७ लाख ४४ हजार. ५० लाखांच्या खर्चापुढे हे १५ टक्केही होत नाहीत. उरलेले ८५ टक्के ज्याच्याकडे आहेत, त्याला या शिष्यवृत्तीची गरज नाही. ज्याला गरज आहे, त्याला ती पुरत नाही.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, वैमानिक प्रशिक्षणासाठी नाही. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत, म्हणजे उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे, प्रवेशात आरक्षण आहे. पण तिचे शुल्कही ४५ लाखांच्या घरात आहे. जागा राखीव आणि शुल्क मात्र खुल्या बाजाराचे, अशी ही व्यवस्था.

आणखी एक बदल आपल्या समाजात पुरेसा चर्चिला गेला नाही. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या वैमानिक भरतीत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव असत. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली आणि तो दरवाजा बंद झाला. आज देशातील बहुतेक सर्व वैमानिकांची भरती खासगी कंपन्या करतात.

आत गेल्यावरही सगळे संपत नाही. जून २०२५ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीतील अनुसूचित जातीच्या प्रशिक्षणार्थी वैमानिकाने वरिष्ठांनी जातिवाचक अपमान केल्याची तक्रार बेंगळुरूत दिली आणि प्रकरण गुरुग्राम पोलिसांकडे गेले. कंपनीने आरोप फेटाळले. खरे-खोटे न्यायव्यवस्था ठरवेल. पण कॉकपिटमध्ये जात नसते, असे गृहीत धरून चालणार नाही.

आधी कमी खर्चाच्या पायऱ्या

म्हणून पालकांना माझे सांगणे क्रमाबद्दल आहे.

पहिली पायरी वैद्यकीय. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वर्ग २ आणि मग वर्ग १ ची तपासणी करून घ्या. काही हजारांत कळेल की पुढे जाता येईल की नाही. रंग ओळखण्यात दोष असेल तर इथेच थांबावे लागू शकते. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे, आपल्या समाजातही आहे. त्याची तपासणी झाली नसेल तर आधी करा. अहवालात वाहक किंवा रुग्ण असे काही असेल, तर एक रुपया शुल्क भरण्याआधी तो अहवाल त्याच डॉक्टरांना दाखवून स्पष्ट विचारा.

दुसरी पायरी अभ्यास. हवाई दिशाशास्त्र, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षा एकही तास न उडता देता येतात. त्या उत्तीर्ण झालेला उमेदवार स्वतःला आणि घरच्यांना ओळखून असतो. बारावीला भौतिकशास्त्र-गणित नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ते विषय देता येतात. इंग्रजी बोलण्याचा सराव रोज हवा, कारण मुलाखतीत आपली मुले बहुतेक तिथेच मागे पडतात.

तिसरी पायरी करार वाचणे. मध्येच बाहेर पडल्यास किती पैसे परत मिळतात, विमाने किंवा प्रशिक्षक कमी पडून प्रशिक्षण लांबले तर जादा खर्च कोणाचा, आधीचे तास धरणार का, नोकरीचे पत्र कोणत्या अटींवर रद्द होते, हे चार प्रश्न लेखी विचारा. ‘हमखास निवड’ सांगून लाखभर मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

आणि इतर रस्तेही पाहा. एनडीएतून वायुसेनेत गेले तर सरकार स्वतःच्या खर्चाने उडायला शिकवते. मुलींनाही आता ती परीक्षा खुली आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणातील हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी पदवीवर मिळते, तिथे आरक्षण आहे आणि कोटीचे कर्ज लागत नाही.

मागणी काय असावी?

महाज्योतीने इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणासाठी प्रायोजित केले. गुजरात सरकार अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना या प्रशिक्षणासाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज देते. म्हणजे सरकारने ठरवले तर हे जमते. बार्टी आणि सामाजिक न्याय विभागाने दरवर्षी ठरलेल्या तारखेला जाहिरात निघेल, पूर्ण खर्च भागेल आणि प्रशिक्षण ठरलेल्या मुदतीत संपेल अशी योजना चालवावी. केंद्राने शिष्यवृत्तीची मर्यादा प्रत्यक्ष शुल्काशी जोडावी.

दुसरी मागणी अमरावतीबाबत. बेलोऱ्याची जागा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या निविदेतून ३० वर्षांसाठी दिली आहे. जागा जनतेची असेल, तर दरवर्षीच्या १८० पैकी काही जागा विदर्भातील वंचित घटकांना शुल्कासह राखून ठेवण्याची अट मागणे गैर नाही. आमदार-खासदारांना निवेदन देताना हा मुद्दा ठेवा.

त्या मुलाने तूर्त वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी आणि दोन विषयांची परीक्षा एवढेच ठरवले आहे. वहीतले ११ तास जपून ठेवले आहेत. वावर अजून वडिलांच्या नावावर आहे. कंपनीच्या योजनेचा अर्जही तो भरणार आहे, पण पैसे कुठून येणार याचे उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय सही करायची नाही, असे बापलेकांचे ठरले आहे.

अनुभव नसलेल्या मुलाला घ्यायला कंपन्या तयार आहेत. तारण नसलेल्या बापाच्या मुलाला घ्यायला व्यवस्था अजून तयार नाही. आपल्याला भांडायचे आहे ते यासाठी.