१०८ वजा ५

मागच्या गुरुवारी माझी माळ तुटली. तीही कुठे, तर एका क्लायंटच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये! लॅपटॉप बॅगेचा पट्टा मनगटावरच्या दोऱ्यात अडकला, मी हिसका दिला आणि टप टप टप. दोन टायवाले साहेब, कुरिअरवाला मुलगा आणि मी, सात मजले होईपर्यंत उकिडवे बसून मणी वेचत होतो. घरी येऊन मोजले. १०३. उरलेले पाच फटीतून खाली गेले असणार.

तुम्ही म्हणाल, ऑनलाइन दुसरी मागव की. मागवेन. पण ही मी काठमांडूला बौद्धनाथच्या स्तूपाशेजारी घेतली होती, नोकरी सोडली त्या महिन्यात. माझ्या बातमीत एक आकडा चुकला होता, म्हणून सोडली. (म्हणजे सोडायला लावली. आईला इतके दिवस नुसतं ‘सोडली’ एवढंच माहीत होतं. आता कळलंच.)

दुकानातल्या दीदीकडे मी ऐटीत ‘बोधिवृक्षाच्या बियांची माळ’ मागितली. ती हसायलाच लागली. बरोबरच आहे, पिंपळाचं बी मोहरीहूनही बारीक, त्याला भोक कसं पाडणार? ज्याला सगळे ‘बोधीचं बी’ म्हणतात, ते नेपाळच्या काभ्रेपलान्चोक जिल्ह्यात, तिमाल भागात होणाऱ्या बोधिचित्त नावाच्या झाडाचं. आणि हे झाड कोण, तर आपल्या बोराच्या कुळातलं! वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं तेही २०१५ मध्ये. फळाचा गर काढायचा, बिया धुवायच्या, वाळवायच्या, आकारानुसार निवडायच्या आणि मग प्रत्येकीला भोक पाडायचं. गंमत म्हणजे मणी जितका लहान तितका महाग. माझे अर्थात मोठे होते. नोकरी गेलेल्या माणसाचे.

दीदी माळ ओवता ओवता सांगत होती. दोरा पाच पदरी, पाच ध्यानी बुद्धांचे पाच पदर. मोठा गोल मणी म्हणजे शून्यता जाणणारी प्रज्ञा, त्याच्या डोक्यावरचा निमुळता तुकडा म्हणजे खुद्द शून्यता. तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. (आजीच्या तुळशीच्या माळेचा मेरुमणीही असाच, ओलांडला की ती डोळे वटारायची.) बाजूला दहा-दहा चकत्यांच्या दोन शेपट्या लोंबत होत्या. एकीच्या टोकाला वज्र, दुसरीच्या घंटा. एक माळ झाली की वज्राची एक चकती सरकवायची, दहा सरकल्या की घंटेची एक. तिबेटी साधक एकेक मंत्र लाखभर वेळा म्हणतात, त्यांना हिशेब नको?

मण्यांच्या १०८ या आकड्याचे अर्थ हवे तितके. कुणी म्हणतं १०८ क्लेश, कुणी कांग्युर या तिबेटी ग्रंथसंग्रहाचे १०८ खंड दाखवतं. मला मात्र दीदीच्या हिशेबाने गार केलं. एक माळ झाली की १०८ नाही, १००च जप धरायचे. वरचे आठ चुकांचे. मन भरकटलं, उच्चार घसरला, मणी निसटला, त्यासाठी. चूक होणारच, हे आधीच धरलेलं! एका आकड्यापायी घरी बसलेली मी ते ऐकून दुकानात उगाचच डोळे पुसत बसले. दीदीला वाटलं, भाव जास्त सांगितला. तिने शंभर रुपये कमी केले.

असो. शनिवारी तुळशीबागेत पोत ओवून देणाऱ्या काकांकडे पुडी घेऊन गेले. त्यांनी बोटांनीच भराभर मोजले.

‘‘ताई, पाच कमी आहेत. तसलेच दिसणारे घालून देऊ?’’

‘‘नको काका, आहेत तेवढेच ओवा. अजून तीन जास्तच आहेत.’’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, दोऱ्याचे पाच पदर पिळले आणि सुईत ओवायला घेतले.